ठेवीदारांना वाली कोण?

पुणे

प्रिय मित्रा,

'बँक बुडाली तर दोष संचालकांचा, त्यात पुढाऱ्यांचा काय संबंध?' असं तू लिहिलंस आणि मला राहवेना. कर्जं वाटणारे आणि बुडवणारे दोषी आहेतच. पण बँक अडचणीत आल्यावर जी टोलवाटोलवी सुरू होते, तिचा मला जास्त संताप येतो.

रुपी बँकेचंच बघ. १९१२ सालची, आपल्या पुण्याची सहकारी बँक. फेब्रुवारी २०१३ मध्ये पैसे काढण्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला तो २०२२ च्या सप्टेंबरात. तोवर नुसती मुदतवाढीवर मुदतवाढ! या काळात राज्यात आधी काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं, मग भाजप-शिवसेनेचं, मग महाविकास आघाडीचं. केंद्रातही सत्ता बदलली. 'आम्हाला संधीच मिळाली नाही' असं यातला कुठला पक्ष म्हणू शकतो, सांग. सहकार आयुक्तांचं कार्यालयसुद्धा इथे पुण्यातच आहे रे!

२०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा. विधानसभेचं मतदान महिन्यावर होतं. अर्थमंत्री निर्मला सीतारामन मुंबईत ठेवीदारांना भेटल्या आणि म्हणाल्या, या बँकांवर नियंत्रण रिझर्व्ह बँकेचं, अर्थ मंत्रालयाचा थेट संबंध नाही. कायद्याच्या भाषेत ते खरंही असेल. पण ठेव विम्याची, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला हमखास मिळणाऱ्या रकमेची, मर्यादा १९९३ पासून १ लाखावर अडकली होती. ती वाढवायला कोणी हात धरला होता? पीएमसीचे ठेवीदार रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती ५ लाख झाली. २०२१ मध्ये, निर्बंध आल्यावर ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यायचा कायदाही आला. चांगलंच झालं, त्याचं श्रेय केंद्र सरकारला द्यायलाच हवं. पण मनावर घेतलं की काही महिन्यांत होतं, त्यासाठी आधीची २७ वर्षं सगळे काय करत होते?

माझ्या आत्याचेही पैसे असेच अडकले. तिची बँक वेगळी, नाव लिहीत नाही. शाळेच्या नोकरीतून निवृत्त होताना मिळालेले ८ लाख तिने तिथे ठेवले होते. पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या, व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचा १५एच फॉर्म दरवर्षी वेळेवर. निर्बंध आले तेव्हा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. स्वतःचेच जादा पैसे काढायला हॉस्पिटलचा खर्चाचा कागद आणा, त्यावर शिक्का आणा, मग अर्ज वर पाठवू, असं सांगितलं. शिक्का पुसट आला म्हणून तिला परत पाठवलं. बाई काउंटरवर रडली नाही, घरी येऊन रडली. पुढे विम्याचे ५ लाख मिळाले. उरलेले ३ लाख अवसायकाकडे, म्हणजे बुडालेल्या बँकेची वसुली करून देणी भागवायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अडकलेत.

त्या दिवसांत ठेवीदारांच्या सभेला सगळ्या पक्षांचे उमेदवार येऊन गेले. प्रत्येकाने हार घेतला आणि शब्द दिला. निवडून आल्यावर एकानेही आत्यासारख्यांना समोर बसवून सांगितलं नाही, की तुमचे एवढे मिळतील, एवढे बहुधा नाहीत, आणि वेळ लागेल तो इतका. मला एवढंच हवं होतं. खरं कळलं असतं तर तिने ऑपरेशनसाठी बांगड्या विकायचा निर्णय वर्षभर आधी घेतला असता आणि तेवढे दिवस दुखणं काढलं नसतं.

आता काही ठेवीदार मिळून सहकारमंत्र्यांना निवेदन देणार आहोत. मसुदा सोबत पाठवतोय. तुझी भाषा माझ्यापेक्षा नेमकी आहे, तेव्हा हवा तिथे काट मार. अवसायकाने दर तीन महिन्यांनी वसुलीचा हिशेब जाहीर करावा, ही मागणी मात्र तशीच ठेव.

तुझाच