प्रेक्षकसंख्येचा आकडा आणि पुलमनचा संघ: सिनेटर मारिया कॅन्टवेल यांना खुले पत्र

माननीय सिनेटर मारिया कॅन्टवेल यांस,
सादर नमस्कार.

पुलमन गावातील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाला यापुढे मोठ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, स्थान मिळेल की नाही, या प्रश्नाविषयी मी पुलमनचा माजी विद्यार्थी आणि आपला मतदार म्हणून हे पत्र लिहीत आहे. त्याची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीतही ते प्रसिद्ध करतो आहे, कारण सिएटल आणि बेलव्ह्यू परिसरातील मराठी घरांतली मुलेही वॉशिंग्टन राज्याच्या दोन्ही मोठ्या सार्वजनिक विद्यापीठांत शिकतात.

जून २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांनी आमची पॅक-१२ कॉन्फरन्स सोडून बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जाण्याचे जाहीर केले आणि ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस व एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा प्रक्षेपण करार केला. पुढच्या वर्षी ४ ऑगस्टला सिएटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ ओरेगनसह त्याच वाटेने गेले आणि १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड व बर्कलेही बाहेर पडल्यावर मागे उरली ती वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट ही दोनच विद्यापीठे.

या दोघांना कोणी बोलावले नाही, कारण त्यांचे सामने पाहणारे लोक कमी, असे सांगितले जाते. परंतु एखादा सामना किती लोक पाहतात हे संघाइतकेच वाहिनीवर आणि वेळेवर ठरते. शनिवारी दुपारी फॉक्स किंवा एबीसीवर लागलेला सामना देशभर सहज पोहोचतो, तर पुलमनचे कित्येक सामने रात्री साडेसातच्या सुमारास सुरू होत, जेव्हा न्यू यॉर्कमध्ये साडेदहा वाजलेले असत. पॅक-१२ ने २०१२ मध्ये स्वतःची वाहिनी काढली, पण डायरेक्टीव्ही या उपग्रह टीव्ही सेवेच्या ग्राहकांना ती अखेरपर्यंत मिळाली नाही. तिथे दाखवलेल्या सामन्याची प्रेक्षकसंख्या कमी भरणारच होती, आणि मग तीच संख्या संघाला मागणी नसल्याचा पुरावा म्हणून पुढे केली गेली, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. ज्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी २००३ पासून ईएसपीएनच्या ‘कॉलेज गेमडे’ कार्यक्रमात, तो कोणत्याही गावी असो, आपला झेंडा नेऊन फडकवत आले आहेत, त्याच्याविषयी लोकांना आस्था नाही असे कसे म्हणता येईल? २०२४ चा ॲपल कप, म्हणजे वॉशिंग्टन विद्यापीठाविरुद्धचा पारंपरिक सामना, वॉशिंग्टन स्टेटने २४-१९ असा जिंकला, पण तो पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेवर असल्यामुळे वर्गणी न भरणाऱ्यांना घरी पाहता आला नाही.

या व्यवस्थेचे मूळ १९८४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. त्या निकालाने दूरचित्रवाणी हक्कांवरील एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे नियंत्रण संपले. व्यावसायिक लीगना मात्र १९६१ च्या कायद्याने हक्क एकत्र विकण्याची सवलत आहे. ती महाविद्यालयांनाही मिळावी, असे विधेयक आपण २०२५ मध्ये मांडले, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. तथापि नुसती मुभा पुरेशी ठरेल असे मला वाटत नाही, कारण ज्यांच्या हाती आज मोठे करार आहेत त्यांना इतरांबरोबर एकत्र येण्याची निकड भासणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, एकत्रित विक्रीतून येणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा प्रेक्षकसंख्येशी न जोडता सर्व सहभागी विद्यापीठांना मिळावा आणि प्रत्येकाचे काही सामने सर्वांना विनामूल्य दिसणाऱ्या वाहिनीवर, चांगल्या वेळी दाखवण्याचे बंधन करारातच असावे. तसेच एखादे सार्वजनिक विद्यापीठ कॉन्फरन्स सोडणार असेल, तर त्यामागचे प्रेक्षकसंख्येचे हिशेब, वाहिनी आणि वेळ यांच्या तपशिलासह, निर्णयापूर्वी जाहीर झाले पाहिजेत.

बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट आदी नव्या सदस्यांसह पॅक-१२ ची पुनर्रचना २०२६ साठी झाली आहे आणि तिचे सामने सीबीएस, सीडब्ल्यू व यूएसए नेटवर्क या वाहिन्यांकडे आहेत. पुढच्या फेरबदलात पुलमनची पात्रता तिथल्या आकड्यांवरूनच जोखली जाईल. सिनेटच्या वाणिज्य समितीने प्रक्षेपण कंपन्यांकडून २०१२ पासूनची सामनावार माहिती त्याआधीच मागवावी, अशी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

आपला,
वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा एक माजी विद्यार्थी