तुम्ही काहीच विकलं नाहीत, म्हणून हे पत्र

श्री. अण्णा यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचं आणि दुकानाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. नवी पेठेत कॉम्प्युटर जोडून देणारे पुष्कळ आहेत, पण नाव छापलं तर उद्यापासून फुकट सल्ल्याची रांग तुमच्याच काउंटरसमोर लागेल. तरीही पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आमच्यासारखी घरं सोलापुरात आता बरीच झालीत. कुणाचा भाऊ अमेरिकेत, कुणाचा दीर दुबईत. दिवाळीला येताना व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून गेमच्या आत उभं राहायचं यंत्र) आणतात, चार दिवस पोरांबरोबर नाचतात आणि विमानात बसतात. मग घरात भांडण सुरू होतं, गेम घ्यायचे कुठून?

आमच्याकडे क्वेस्ट ३ आला, फेसबुकवाल्या मेटा कंपनीचा हेडसेट. मुलाचं म्हणणं, सगळे गेम स्टीमवरून, म्हणजे पीसीचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून घ्यायचे, कारण त्याच्याकडे तुम्हीच बांधून दिलेला, ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी आहे. मुलीचं म्हणणं, हेडसेट मेटाचा आहे तर गेमही मेटाच्या स्टोअरवरून घ्या. डोक्यावर चढवला की सुरू, दादाच्या खोलीत जाऊन त्याची मनधरणी नको. मी पडले गणिताची बाई. दोन्हीकडचे भाव कागदावर मांडून, मुलाच्या पीसीची रॅम वाढवायला आले होते तेव्हा तो कागद तुमच्यापुढे ठेवला.

भाव तुम्ही बघितलेच नाहीत. कागद बाजूला सारून विचारलंत, "मॅडम, पोरं खेळणार कुठं ते सांगा आधी. आणि तीन वर्षांनी पण ह्याच कंपनीचा हेडसेट घेणार का?"

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. तरी तुम्ही समजावून सांगितलंत, की एसटीचा पास दाखवून रेल्वेत बसता येत नाही, गाव एकच असलं तरी. स्टीमवर घेतलेला गेम स्टीमच्या लायब्ररीत राहतो आणि पीसीवर चालतो. मेटाच्या स्टोअरवरचा मेटाच्या अकाउंटला चिकटतो. नाव तेच, गेम तोच, पण एकीकडे पैसे भरले म्हणून दुसरीकडे फुकट मिळत नाही. मेटाच्या काही गेमवर क्रॉस-बाय असतं, म्हणजे एकदा घेतला की हेडसेटवरही आणि मेटाच्या पीसी स्टोअरवरही मिळतो. पण ते मेटाच्याच दोन दारांपुरतं, स्टीमशी त्याचा संबंध नाही, आणि प्रत्येक गेमला असतंच असं नाही. विकत घ्यायच्या आधी त्या गेमच्या पानावर बघायचं, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

तीन वर्षांचा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला, पण खरी गोम त्यातच होती. मेटाच्याच हेडसेटवर राहणार असू तर चिंता नाही, क्वेस्ट २ वर घेतलेले गेम क्वेस्ट ३ वर येतात. पण उद्या मुलाला दुसऱ्या कंपनीचा घ्यावासा वाटला, तर मेटाची लायब्ररी मागे राहणार. स्टीमचं तसं नाही. तिथल्या गेमला पीसी लागतो, पण हेडसेट बदलला तरी चालतो: दुसऱ्या कंपन्यांचे व्हाइव्ह असो, इंडेक्स असो, की आपला क्वेस्ट असो. सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर२ सुद्धा २०२४ पासून ॲडाप्टर लावून पीसीला जोडता येतो. हेडसेट जुने होतातच, हेही तुम्ही उदाहरणासकट सांगितलंत. पहिला क्वेस्ट २०१९ चा, आणि त्याचे सुरक्षा अपडेट २०२४ पर्यंतच.

म्हणजे स्टीमच घ्यावं, असं मी म्हटलं. तर तुम्ही हसलात. "आणि एप्रिलमध्ये?" सोलापूरकराला याहून जास्त सांगायला नको. पारा त्रेचाळीसच्या वर, खोलीत ग्राफिक्स कार्डाची धग, वर डोक्याला हेडसेट. त्यात लाइट गेली तर पीसी बंद, खेळ बंद. नुसता क्वेस्ट मात्र बॅटरीवर दोनेक तास चालतो, हॉलमध्ये पंख्याच्या वाऱ्याला. (पंख्यावरून आठवलं. छताचा पंखा हाताला लागू शकतो, हे तुम्ही आठवणीनं सांगितलंत. हॉलचा पलंग सरकवला तो तेव्हापासून तसाच आहे. आणि हेडसेटची भिंगं उन्हात उघडी ठेवू नका, भिंगातून ऊन आत गेलं तर पडदा जळतो, हेही. गच्चीवर चादरीबरोबर हेडसेट वाळत घालणारी माणसं मी ओळखते, म्हणून इथं लिहून ठेवते.)

मग तुम्ही मुलांची यादी मागवलीत. मला वाटलं होतं तुम्ही एका स्टोअरचं नाव सांगाल. तुम्ही एकेका गेमसमोर खूण करत गेलात. हाफ-लाइफ: ॲलिक्स २०२० चा, व्हॉल्व्ह कंपनीचा. स्टीमही तिचंच, त्यामुळे तो मेटाच्या स्टोअरवर शोधूच नका, पीसी लागणारच. बॅटमॅन: अर्कम शॅडो उलट, तो फक्त क्वेस्ट ३ आणि ३ एस वर, स्टीमवर नाहीच. या दोघांत निवडायला काही नव्हतं. खरी निवड होती बीट सेबरसारख्या गेमची (गाण्याच्या ठेक्यावर ठोकळे कापायचा तो), जो दोन्हीकडे मिळतो. तो बनवणारी कंपनी फेसबुकनं २०१९ मध्येच विकत घेतली, तरी स्टीमवर विक्री चालू राहिली. मुलाला त्यात स्वतःची मराठी गाणी घालायची होती, आणि ते उद्योग पीसीवर सोपे, म्हणून त्याचं मत स्टीमला. मुलीला शाळेतून आल्यावर अर्धा तास उड्या मारायच्या होत्या. तुम्ही विचारलंत, "जास्त खेळणार कोण?" आणि बीट सेबर मेटावरून घेतला गेला. मुलगा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. ते त्यानं तुमच्या खात्यावर मांडलंय, माझ्या नाही.

भावाचा कागद शेवटी कामाला आला, पण तुमच्या पद्धतीनं. स्टीमवर रुपयांत भाव आहेत, यूपीआय चालतं, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मोठा सेल लागतो. घाई नसलेले गेम तेव्हासाठी ठेवा, म्हणालात. अधिकृत विक्रेत्यांकडून स्टीमची की, म्हणजे गेम उघडायचा कोड घेतला तरी ती स्टीमच्याच लायब्ररीत येते. पण कुठल्यातरी अनोळखी साइटवर निम्म्या किमतीत दिसणाऱ्या कीच्या नादी लागायचं नाही, ती कुणाच्या चोरीच्या कार्डावर घेतलेली असेल सांगता येत नाही. आणि रिफंड. दोन्हीकडे नियम साधारण एकच, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत. व्हीआरमध्ये हे फार महत्त्वाचं, कारण काही गेममध्ये काहींना चक्कर येते, मळमळतं, आणि ते व्हिडिओ बघून कळत नाही. माझ्या मुलीला गाडी पळवण्याचा गेम पंधरा मिनिटांत नकोसा झाला, पैसे परत आले.

राहिलं वायफाय, पीसीवरचा गेम वायरशिवाय हेडसेटवर आणायला. त्यासाठी तुम्ही एक केबल विकू शकला असतात. त्याऐवजी सांगितलंत, पीसीपासून राउटरपर्यंत घरात पडलेली लॅन केबल लावा, हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर जोडा आणि स्टीम लिंक हे फुकट ॲप टाका. पीसीवरचा ॲलिक्स आता दिवाणखान्यात चालतो, आणि तोही रात्री, उकाडा जरा उतरल्यावर.

त्या दिवसाचं बिल फक्त रॅमचं झालं. जास्तीचे पैसे द्यायला गेले तर तुम्ही पुढच्या गिऱ्हाईकाशी बोलायला लागलात, म्हणून आभार असे चारचौघांत मानतेय. मनापासून धन्यवाद, अण्णा.

एक तक्रार मात्र नोंदवून ठेवते. मुलगी तुमचा प्रश्न आता घरात सगळीकडे लावते. परवा मिक्सर घ्यायला गेलो तर दुकानदाराला म्हणाली, "याची भांडी तीन वर्षांनी दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरला बसतील का?" तो बिचारा आत मालकाला विचारायला गेला.

कळावे,
आपली,
होटगी रोडवरची गणिताची बाई