६/६ वाचणाऱ्या बाईची नजर कशी गेली? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी. नोकरीभर ग्रामीण रुग्णालयांत नंबर काढले, शिबिरं भरवली, मोतीबिंदूचे पेशंट गाडीत बसवून पाठवले. तुमच्या खात्याकडे मागणं आहे, पण आधी माझी स्वतःची चूक सांगतो.

कापूस वेचणीचे दिवस होते. तीन आठवड्यांची बाळंतीण आईसोबत ओपीडीत आली. "डोकं लय दुखते जी. वाकलं का डोयापुढं अंधारी येते, मंग आपोआप दिसते. कानात नुसतं घू-घू चालू रायते." जागरणं असतील, अंगात रक्त कमी असेल, असं मी धरून चाललो. तक्त्यासमोर बसवलं. शेवटची ओळ तिनं घडाघडा वाचली. दोन्ही डोळे ६/६. पाव नंबर निघाला. आमच्याकडे डोकं दुखलं की माणूस नंबर काढायला येतो, आणि आलेल्याला रिकाम्या हातानं धाडायला आम्हालाही जड जातं. चष्मा लिहून दिला.

दीड महिन्यानं ती परत आली ती आईचा हात धरून. दारातून आत येताना चौकटीला खांदा आपटला. तेव्हा कुठे मी थेंब टाकून बाहुली मोठी केली आणि डोळ्यामागची, मेंदूकडे जाणारी नस पाहिली. कडा पुसलेल्या, नस पडद्यातून वर उचललेली, भोवती रक्ताचे बारीक फराटे, काही भाग पांढुरका पडायला लागलेला. मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी झाली होती, हे नागपूरला गेल्यावर कळलं. जीव वाचला. नजर मात्र नळीतून पाहावं एवढीच उरली.

महोदय, तिनं सांगितलेली तिन्ही लक्षणं पुस्तकातली होती. कवटी बंद डब्यासारखी. आत गाठ वाढली, क्षयाचा मेंदूज्वर झाला, पाणी साचलं किंवा शिरेत गुठळी झाली, तर दाब वाढतो. डोळ्याच्या नसेवर जे आवरण असतं त्यातून तो दाब थेट डोळ्याच्या मागे पोचतो आणि नस सुजते. बाळंतपणात रक्त मुळातच लवकर गोठतं, त्यात सव्वा महिना पाणी मोजून पाजायची आपल्याकडची रीत. फसगत अशी, की सुरुवातीला मधली नजर शाबूत राहते आणि कडेची गुपचूप जाते. तक्ता मधल्या नजरेनं वाचतात. म्हणून ६/६.

नस पाहायला लागतो ऑप्थॅल्मोस्कोप. जर्मनीत हेल्महोल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं तो १८५१ साली छापून जगापुढे मांडला, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे आगगाडीहून दोन वर्षं जुनं तंत्र. आमच्याकडेही होता. कपाटात. सेल गळून हिरवे पडलेले. मला कधी कुणी विचारलं नाही, कारण अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू असला तरी मार्च जवळ आला की आम्हाला एकच आकडा विचारला जायचा, मोतीबिंदूचा. त्या शस्त्रक्रियांनी हजारो म्हातारी माणसं पुन्हा आपल्या पायांनी शेतात गेली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण "नस पाहिली का?" असा रकाना कुठल्याच फॉर्मवर नव्हता. सरकारी नोकरीत जे विचारत नाहीत ते होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं.

तर तो रकाना घाला. डोकं दुखून उलट्या होणाऱ्या, क्षणभर अंधारी येणाऱ्या, एकाचे दोन दिसणाऱ्या प्रत्येकाची नस थेंब टाकून पाहिलीच पाहिजे. बाळंतिणीची तर आशाताईंनीच चौकशी करून पाठवावी. जिथे मधुमेहींसाठी पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा आहे, तिथे त्यानंच नसेचा फोटो काढून तज्ज्ञाला पाठवता येतो. प्रत्येक फुगीर नस म्हणजे सूज नसते, काहींची जन्मतःच तशी असते. तो फरक तालुक्याला बसून ओळखणं अवघड.

सूज दिसली की आधी रक्तदाब मोजायचा, कारण तो भयंकर चढला तरी नस सुजते. मग त्याच दिवशी १०८ मधून रवानगी. चिठ्ठीवर "तातडी" असं ठळक छापलेलं हवं. नाहीतर पेशंट मोठ्या दवाखान्यात डोळ्यांच्या रांगेतून मेंदूच्या रांगेत फिरत राहतो. तिथे एमआरआयबरोबर शिरांचा फोटोही, म्हणजे व्हेनोग्राफी, काढलाच पाहिजे. साध्या सीटी स्कॅनमध्ये गुठळी निसटू शकते. पाठीतलं पाणी काढून दाब मोजायचा तो या तपासणीनंतरच. मोठ्या माणसात २५ सेंटिमीटर पाण्याच्या वर गेला तर तो वाढलेला. काही तरुण, वजन वाढलेल्या बायकांत काहीच कारण सापडत नाही आणि तरी दाब चढलेला असतो. त्यांना वजन उतरवणं आणि असेटाझोलामाइड कामी येतं. काचबिंदूसाठी आम्ही ठेवतो तीच ही गोळी. पण कारण न शोधता ती तालुक्यालाच वाटू नये, हेही आदेशात लिहा. नजर झपाट्यानं जात असेल तर शस्त्रक्रिया लागते, आणि ती दिवसांच्या हिशेबात, महिन्यांच्या नाही.

यवतमाळचा माणूस कसाबसा नागपूर गाठतो. गडचिरोलीतल्या भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहते तेव्हा तिथली बाळंतीण कुठे जाणार? निदान तिथला फोटो तरी ई-संजीवनीवरून, म्हणजे सरकारच्या दूरून डॉक्टरी सल्ला देणाऱ्या सेवेवरून, पुढे जावा.

हिवाळी अधिवेशनाला तुम्ही नागपूरला याल. अर्धा तास द्या. ऑप्थॅल्मोस्कोप मी घरचा आणीन, नवे सेल घालून.

आपला,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी,
जि. यवतमाळ