माननीय रेल्वेमंत्री महोदय, लातूरची गाडी लातूरला द्या

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या मायला मणक्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं होतं. तिकीट वेळेत काढलं, पण चार्ट लागला तरी वेटिंग हललं नाही. शेवटी तिप्पट पैसे मोजून एका ट्रॅव्हल्सनं नेली. दर स्पीडब्रेकरला ती माझं मनगट आवळायची. रात्रभर. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "अहो, अशा पेशंटला रेल्वेनं नाही का आणायचं?" त्यांना काय सांगू, आमची गाडी २०१७ साली बिदरला गेली म्हणून?

आठवड्यातले तीन दिवस मुंबई-लातूर एक्स्प्रेस बिदरपर्यंत नेली तेव्हा लातूरनं आंदोलन केलं. तेव्हा एक पुढारी आमच्यासमोर शब्द देऊन गेले, "डबे वाढवून देतो." अजून वाढवतायत. बिदरकरांशी आमचं भांडण नाही, तीही आमच्यासारखीच माणसं. पण एका ताटात दोघांना वाढून दोघांनाही अर्धपोटी उठवायचं, याला विस्तार म्हणतात का?

या स्टेशनचा इतिहास आपल्या फायलीत असेलच. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. अडीच फुटी रूळ, कंपनी लंडनची, राज्य निजामाचं. तरी त्या गोऱ्यांना कळलं की इथल्या आडतीवर माल आहे. सहा वर्षांनी गंजगोलाई ही आमची गोल बाजारपेठ उभी राहिली, सोळा रस्ते तिला येऊन मिळाले. तोच रूळ कुर्डुवाडीपर्यंत रुंद करायला आपल्या स्वतंत्र देशाला २००८ उजाडलं. शंभरेक वर्षं म्हणा!

आता आडतीचा माल ट्रकनं जातो. फलाटावर दिसतात ती नीटची पुस्तकं पाठीवर घेतलेली पोरं, पुण्याला कामाला निघालेली माणसं आणि एक्स-रेची पाकिटं छातीशी धरलेले पेशंट. लातूर पॅटर्नचं कौतुक सगळा महाराष्ट्र करतो, त्या पोरांनी यायचं-जायचं कसं, ते कुणी विचारत नाही.

रेल्वेला लातूर आठवत नाही असं मात्र म्हणणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते उपकार आम्ही विसरलो नाही, विसरू देणार तरी कोण? महिनाभरात चार कोटींचं बिल जिल्हाधिकाऱ्यांकडे हजर. (प्रशासनानंच मागितलं म्हणून पाठवलं, असा खुलासा नंतर आला. तहानलेल्या गावाला बिल मागायची भारी हौस!)

मग २०१८ ला कोच फॅक्टरीचं भूमिपूजन. २०२० च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा तयार, फोटो झकास. आता म्हणे इथं वंदे भारतचे डबे बनणार, १२० गाड्यांचे. डबे लातूरनं बनवायचे आणि लातूरकरानं ट्रॅव्हल्सनं जायचं.

खरं तर लातूर एकटं नाही. बीडला रेल्वे पोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला, निजाम जाऊन ७७ वर्षं झाल्यावर. मुद्दाम मुक्तिसंग्राम दिन साधून. मराठवाड्याला काही द्यायचं तर हिरव्या झेंड्यासाठी मुहूर्त लागतो, काढून घ्यायचं तर एक परिपत्रक पुरतं. मुंबईत बसलेल्यांना आमची आठवण दुष्काळात आणि निवडणुकीत, बाकी वेळी आम्ही 'मागास भाग'. मागास कुणी ठेवला?

मागणं एवढंच: लातूर-मुंबई रोज, लातूरहूनच. बिदरला स्वतंत्र गाडी. आणि पेशंटसाठीचा कोटा खरोखर पेशंटला.

मायची पुढची तपासणी दीड महिन्यावर आहे. उत्तर द्यायचं असेल तर 'आपले निवेदन संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे' हे नको. ते माझ्याकडे आहे.

आपला,
एक लातूरकर