बाई, त्या एका प्रश्नचिन्हासाठी

आदरणीय बाई,

येशूच्या नावात सलाम.

समोर आभाराचं बोलायला लागलो की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून चार लोकांसमोर लिहितोय. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. गुरुवार पेठेत, पंचहौदाच्या आसपास राहणाऱ्यांना न सांगताही कळेल.

आई गेली तेव्हा मी ज्यांच्याकडे हक्कानं धावलो ती मंडळीतलीच, म्हणजे आमच्या चर्चमधलीच, माणसं होती. मातीला आठवडाही झाला नव्हता आणि एक जण घरी येऊन म्हणाले, "तुमच्या घरात विश्वास कमी पडला, नाहीतर बरी झाली असती." दुसऱ्यांना मी विचारलं, एवढ्या प्रार्थना केल्या, मग देव गप्प का राहिला? तर म्हणाले, असले प्रश्न सैतान घालतो मनात. बाई, शेवटच्या रात्री बोलता येत नव्हतं तरी आईचे ओठ प्रार्थनेला हलत होते. तिच्या विश्वासाचं माप काढणाऱ्यांचा राग अजून गेलेला नाही. क्षमा करायची आहे, होत नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा हाच प्रश्न विचारला. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. कापडी चिकटपट्टीनं पाठ सांधलेलं तुमचं पवित्र शास्त्र, बायबल, उघडलंत, स्तोत्र 88 काढलंत आणि पुस्तक माझ्याकडे वळवलंत. समासात निळ्या पेन्सिलीचं एक प्रश्नचिन्ह होतं, फिकट झालेलं. "हे गेले तेव्हा काढलंय," म्हणालात. "अजून पुसलेलं नाही." मग चष्म्याच्या डबीतून पेन्सिलीचं थोटूक काढून माझ्या हातात दिलंत. "तुझंही काढ. शास्त्राला काही होत नाही."

बाकी तुम्ही पुष्कळ शिकवलंत, पण मला सावरलं ते या एका गोष्टीनं. त्याच पानावर, तुमच्या चिन्हाखाली, मी माझं काढलं. मी संडे स्कूलमध्ये वाढलेला माणूस, दिलाशाचं स्तोत्र 23 झोपेतही म्हणेन. पण स्तोत्र 88 कुणी कधी पाठ करायला दिलं नव्हतं. सुरुवातीला देवाला उद्धारक म्हणून हाक आहे आणि शेवट थेट अंधारात, दिलाशाची एक ओळ नाही. तरीही ते शास्त्रात आहे, कुणी गाळलं नाही. म्हणजे असं रडणंसुद्धा प्रार्थनाच आहे, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

नंतरच्या गुरुवारी स्तोत्र 22. वधस्तंभावर येशूनं उच्चारलेलं "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे या स्तोत्राचं पहिलंच वचन. मी तिथेच थांबलो होतो, तुम्ही थांबू दिलं नाहीत. "पुढं वाच, शेवटपर्यंत वाच." पुढे वस्त्रं वाटून घेणारे आहेत, चिठ्ठ्या टाकणारे आहेत, आणि 24व्या वचनात कळतं की देवानं पीडिताची हाक ऐकली, तोंड लपवलं नाही. एकेक वचन सुटं काढून कपाळावर मारणाऱ्यांमध्ये मी वाढलो. अध्याय पुरा वाचायचा, मागचं-पुढचं बघायचं, कोण कुणाला काय म्हणतंय ते आधी पाहायचं, ही सवय तुम्ही लावलीत.

तुमच्या आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, निराधार बायामुलांच्या आश्रमात, वाढल्या, हे तुम्ही एकदा ओझरतं बोललात. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र सोप्या मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या वारल्या, ते छापून प्रसिद्ध झालं 1924 मध्ये. साध्यासुध्या बायांना स्वतः वाचून समजावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. तुमचं शिकवणं त्याच घराण्यातलं वाटतं मला. स्वतःच्या डोळ्यांनी वाच म्हणणारं.

सध्या शास्त्रातलं ईयोबाचं पुस्तक वाचतोय. ईयोब म्हणजे मुलंबाळं, धन, आरोग्य सगळं गमावलेला भला माणूस. त्याचे तीन मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढं त्यांनी फार चांगलं केलं. बिघडलं ते तोंड उघडून त्याचाच दोष काढायला लागल्यावर. आणि 42व्या अध्यायात देव रागावतो तो त्यांच्यावर, तक्रारी करणाऱ्या ईयोबावर नाही! हे वाचून मी रडलो बाई. दुःखात असलेल्या माणसाशेजारी गप्प बसायला पदवी लागत नाही, पाळकाचा झगा लागत नाही. अशी माणसं पुण्यात अजून आहेत. चाळीत आहेत, हॉस्पिटलच्या बाकड्यांवर आहेत. त्यांची नावं कुठल्या अहवालात येत नाहीत.

एक विचारायचं होतं. आमच्या मंडळीतला एक मुलगा आहे, नुकतेच त्याचे वडील गेले. त्यालाही सांगून झालंय की विश्वास कमी पडला. येत्या गुरुवारी त्याला सोबत आणू का? चहा आम्ही करू, तुम्ही उठायचं नाही.

तुमचा,
गुरुवारचा विद्यार्थी