जवानाला चौदा दिवस, मजुराला एकही नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की 'भरपूर पाणी प्या, दुपारी घराबाहेर पडू नका' ही सूचना वृत्तपत्रांतून आणि शासकीय फलकांवरून दरवर्षी प्रसिद्ध होते. सूचना योग्यच आहे. मात्र घराबाहेर पडल्याखेरीज ज्याची चूल पेटत नाही, त्याच्या उपयोगाचे तीत काही नाही. सैन्याच्या वैद्यकीय विभागातून निवृत्त झालेला सातारा जिल्ह्यातील एक रहिवासी या नात्याने मी त्या माणसाविषयी लिहीत आहे.

अपशिंगे मिलिटरीसारख्या आपल्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण सैन्यात जात आले आहेत. त्यांतल्या ज्यांनी लडाख-सियाचीनकडे नोकरी केली, त्यांना एक नियम तोंडपाठ असतो. नऊ हजार फुटांच्या वर पोहोचलेल्या जवानाला पहिले सहा दिवस तिथेच थांबवतात आणि त्यांतले पहिले दोन दिवस तर निव्वळ विश्रांतीचे असतात; पुढे बारा हजार फुटांवर चार दिवस आणि पंधरा हजारांवर आणखी चार दिवस काढल्यानंतरच त्याला वरच्या ठाण्यावर पाठवले जाते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तिथेही सुमारे २१ टक्केच असते, पण हवेचा दाबच अठरा हजार फुटांवर समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येत असल्याने प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्मा होतो. शरीर त्याच्याशी जुळवून घेते, परंतु सवडीने. ही सवड न दिल्यास फुप्फुसांत पाणी साठून धडधाकट जवानही दगावू शकतो, कारण शारीरिक तंदुरुस्ती आणि उंचीची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (आपल्याकडून विमानाने लेहला उतरून दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलीने 'खारदुंग ला' ही उंच खिंड गाठण्याचे बेत आखणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे. महाबळेश्वरच्या साडेचार हजार फुटांचा अनुभव तिथे कामी येत नाही.)

उष्णतेच्या बाबतीतही शरीर सवडच मागते. उन्हात कष्ट करण्याची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातील द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, घामावाटे जाणारे मीठ कमी होते आणि तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा कमी लागतात. काही आठवडे सावलीत गेले की ही सवय उतरते. त्यामुळे कामावर नव्याने आलेला, आजारपणातून उठून आलेला किंवा जावळी-पाटणच्या डोंगरातून माण-खटावच्या रानात उतरलेला मजूर पहिल्या चार-पाच दिवसांतच सर्वाधिक धोक्यात असतो. अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेची शिफारस अशी आहे, की नव्या मजुराला पहिल्या दिवशी नेहमीच्या एक पंचमांश वेळच उन्हात राबवावे आणि रोज तेवढीच वाढ करावी. आपल्याकडे रस्त्याच्या किंवा कालव्याच्या कामावर पहिला दिवस आणि विसावा दिवस यांत फरक करणारा कंत्राटदार माझ्या पाहण्यात नाही.

ऊसतोड मजुराची अडचण आणखी निराळी आहे. हंगामभर राबून त्याला उन्हाची सवय झालेली असते, परंतु उचल घेतलेली असल्याने आणि मजुरी टनावर असल्याने थांबणे त्याला परवडत नाही. फडात वारा फिरकत नाही, घाम अंगावरच राहतो आणि तो सुकला नाही तर अंग थंड होत नाही. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊसतोड मजुरांमध्ये मूत्रपिंड निकामी होण्याचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला. उन्हातले अतिकष्ट आणि शरीरातील पाण्याची तूट यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो, आणि तिथे पाणी, सावली व सक्तीची विश्रांती हे उपाय हाती घेण्यात आले. गाळपाचे विक्रम सांगणाऱ्या आपल्या कारखान्यांनी हंगामाच्या शेवटी तोडणी मजुरांच्या मूत्रपिंडाची तपासणी का करू नये?

थंडीविषयी थोडक्यात लिहितो. तासगाव-सांगली भागातील बेदाण्याच्या शीतगृहांत बाहेरच्या चाळीस अंशांतून थेट आतल्या थंडीत आणि पुन्हा बाहेर अशा हमालांच्या फेऱ्या चालतात. थंडीने कातडीतील रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब चढतो, म्हणून हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्याला हे काम देऊ नये. थंडीची सवय शरीराला फारच थोडी होते, तिथे कपडेच उपयोगी पडतात. स्वेटर आणि हातमोजे मालकाने द्यावेत, यात अवघड असे काही नाही.

परंतु ज्या ठिकाणी सवय अजिबात होत नाही, ते ठिकाण आपल्या पायाखाली आहे. एप्रिल-मे महिन्यांत विहिरींतील गाळ काढला जातो, त्याच सुमारास मैल्याच्या टाक्या, गोबरगॅसचे खड्डे आणि मळीच्या टाक्याही साफ होतात. कुजणाऱ्या गाळामुळे तिथला प्राणवायू संपतो आणि हवेपेक्षा जड असलेला कार्बन डायऑक्साइड तळाशी बसून राहतो. मैल्याच्या टाकीत त्यात हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूची भर पडते आणि विहिरीत डिझेल इंजिन उतरवून चालवले तर कार्बन मोनॉक्साइडची. प्राणवायूचे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली गेले की माणूस बेशुद्ध पडतो आणि ६ टक्क्यांच्या खाली काही मिनिटांत प्राण जातो. अनेकदा गुदमरल्याची जाणीवही होत नाही. वरचा भाऊ किंवा मुलगा 'चक्कर आली असेल' म्हणून खाली उतरतो, आणि एकाच घरातून दोन-तीन तिरड्या निघतात.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या जाणत्या लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तिथल्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, हळद वर्षानुवर्षे टिकायची ती आत प्राणवायू उरत नसे म्हणूनच, कारण त्याअभावी किडाही जगत नाही. पेव उघडल्यावर काही तास तसेच ठेवायचे, मग कंदील सोडून पाहायचा आणि त्यानंतरच माणूस उतरवायचा, ही तिथली रीत होती. ती आदरास पात्र असली तरी आज पुरेशी नाही. दिवा विझला तर उतरू नये हे खरे, परंतु दिवा जळत राहिला म्हणून विषारी वायू नाही असे ठरत नाही, आणि मैल्याच्या टाकीत तर पेटता दिवा सोडल्यास स्फोट होऊ शकतो.

२०२५ मध्ये ज्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, त्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ मध्ये अशा बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी तपासणी किंवा श्वसनयंत्र, कंबरपट्टा आणि बाहेर दोर धरणारा माणूस यांची तरतूद होती. शेतातल्या विहिरीला हा कायदा लागू नव्हता. म्हणून माझी सूचना अशी, की हातात मावणारे वायुमापक यंत्र आणि दोर-पट्ट्याचा संच प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी नगरपालिकेच्या अग्निशमन विभागाकडे ठेवावा आणि गाळ काढणाऱ्या शेतकऱ्याला तो एका दिवसासाठी विनामूल्य मिळावा. साखर कारखान्यांच्या सुरक्षा विभागांना हे यंत्र नवे नाही. त्यांनी आपल्या सभासदांच्या विहिरींसाठी ते दिले तरी पुष्कळ काम होईल. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घेण्याबाबत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांनी ग्रामपंचायतींना आताच कळवावे, कारण त्यानंतर गाळ काढायला फार दिवस उरत नाहीत.

आपला,
एक निवृत्त सैनिक वाचक,
ता. कोरेगाव, जि. सातारा