सेकंड मँडोलिनवाल्याचं पत्र

शिकागो, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

'सेकंड मँडोलिन म्हणजे राखीव खेळाडू का रे?' असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा हसण्यावारी नेलं. आता सविस्तर ऐक. ऑर्केस्ट्रात मँडोलिनवाल्यांचे दोन गट असतात: फर्स्ट मुख्य चाल वाजवतात, आम्ही सेकंड तिला साथ देतो.

क्लासिकल मँडोलिन सोसायटी ऑफ अमेरिका ही संस्था १९८६ची. तिचं वार्षिक अधिवेशन दर वेळी वेगळ्या शहरात भरतं. तिथे वर्ग असतात, मैफली असतात आणि आलेल्या सगळ्यांचा मिळून एक भलामोठा ऑर्केस्ट्रा. त्याची नोटेशन्स आधीच येतात, घरून तयारी करून जायचं. तिथल्या सेकंडची तयारी करणाऱ्या आमच्या चौकडीत एक निवृत्त पोस्टमन, एक दंतवैद्य बाई, एक गणिताचे मास्तर आणि मी. पोट कुणाचंच यावर नाही.

तारा तुझ्या व्हायोलिनच्याच रे: जी, डी, ए, ई. फक्त जोडीजोडीने, म्हणून आठ. तालमीचा पहिला अर्धा तास त्या जुळवण्यातच जातो. तू गज ओढलास की सूर हवा तितका लांबतो. आमचा छेडताक्षणी विझायला लागतो. तो टिकवायला प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, भराभर खाली-वर चालवायचा, हाच ट्रेमोलो. एकट्याचा गोड लागतो, पण चौघांचा एकदम सुरू होऊन एकदम थांबला पाहिजे, आणि इथेच आमची जुंपते. पोस्टमनसाहेब म्हणतात, शेवटचा आघात खालीच पडला पाहिजे. बाई म्हणतात, सूर आपोआप विरू द्या. मी साहेबांच्या बाजूचा. चौघांत विरणं शोभेल, अख्ख्या सभागृहाने विरायचं ठरवलं तर नुसता गोंगाट उरेल.

सेकंडचा खरा कस मात्र गप्प बसण्यात. एका रचनेत आम्हाला सलग सोळा बार, म्हणजे नोटेशनमधले मात्रांचे सोळा गट, सुट्टी आहे. सगळे ओठांत आकडे पुटपुटायचे आणि हमखास चुकायचे. मी मांडीवर हात ठेवला: चार मात्रांचे सोळा बार म्हणजे तीनतालाची चार आवर्तनं! मास्तर एवढे खूश झाले, की आता चौघंही टाळी-खाली दाखवत बसतात आणि पाचव्या समेवर बरोबर उचलतात. खालीला हात उलटा करण्यात बाईंना भलतीच मजा वाटते. फर्स्टवाले आमच्याकडे संशयाने बघतील, बघू देत.

जवळच मिलवॉकीत १९००मध्ये सुरू झालेला मँडोलिन ऑर्केस्ट्रा अजून वाजतोय. जमलं तर त्यांनाही एकदा ऐकून येऊ म्हणतो.

आता काम. बाईंना मी सज्जाद हुसेनांबद्दल सांगितलं: हिंदी सिनेमाचे संगीतकार, माहीमला राहायचे, मँडोलिनवर राग वाजवायचे, मींडेसकट, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत. सूर ठरवून देणाऱ्या पडद्यांच्या वाद्यावर मींड? त्यांचा विश्वासच बसेना. तुझ्याकडची ती कॅसेट अजून चालत असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून धाड. पुढच्या रविवारच्या आत. आणि मध्येच तुझा खोकला नको.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सेकंड मँडोलिनवाला